कप्तानसाहेबांवरची झडती

कप्तानसाहेब, तुमच्या तेराव्याला मी जेवलो नाही. वहिनींनी पान वाढून दोनदा निरोप धाडला, शेवटी स्वतः ओसरीवर आल्या. "मास्तर, त्यायच्या नावानं दोन घास तरी खा," म्हणाल्या. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. पोट ठणठणीत होतं. मागच्या पंक्तीत परभणीचे लोक, आपल्या पुसेगावचे लोक, सेनगावाकडून आलेले तुमचे सोयरे तुमचे गुण गात जेवत होते. मधूनच माझंही नाव निघत होतं. कप्तानाचा खरा जोडीदार तो मास्तर, बघा, अन्न जाईना त्याला, असं कोणीतरी म्हणालं. ते ऐकून मी उठलो आणि घरी आलो. घरी येऊन भाकरी खाल्ली, हेही सांगून टाकतो.

आजवर तुमच्यासाठी पुष्कळ लिहिलं. तुम्हाला असं पहिल्यांदाच लिहितो आहे. इथे दुरुस्ती करायला कोणी नाही आणि टाळ्या वाजवायलाही कोणी नाही. बरंच आहे.

तुम्ही कुठल्या लढाईत होता, घोड्यावरून किती वेळा पडलात आणि कितीदा चढलात, ते दुसरे लोक सांगतील. मला आठवतं ते तुमचं पहिलं येणं. मी तेव्हा सरकारी शाळेत नवा मास्तर, बावीस-तेवीस वर्षांचा. तुम्ही रजेवर आलेले, अंगावर फौजेचा कोट, बुटांचा आवाज आधी आणि माणूस मागून. सगळा वर्ग दचकून उभा राहिला आणि लाज वाटते सांगायला, मीही राहिलो. तुम्ही टोपी काढून म्हणालात, "मास्तर, मला मराठी लिवाय शिकवा. आईला उर्दूत खत लिवतो, तर ते वाचाय माणूस हुडकावा लागतो तिला."

सोळाव्या वर्षी छावणीत गेलेला माणूस. हुकूम इंग्रजीत, शिव्या आणि दोस्ती दख्खनीत, आणि मराठी फक्त स्वप्नात, असं तुम्हीच सांगायचात. त्या रजेत महिनाभर तुम्ही माझ्याकडे पाटी घेऊन बसलात. छातीवर पदकांची रांग असलेला अंमलदार पाटीवर "प्रिय आईस" गिरवतो आहे, हे बघायला गावातले लोक खिडकीशी यायचे. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. फार मोठं वाटायचं. तुमचा गुरू होण्याची चटक मला त्या महिन्यात लागली, आणि पुढचं सगळं त्या चटकेतून झालं.

लढाईवरून तुम्ही परत आलात तेव्हा आमच्या वाचनालयाला टाळं लागलेलं होतं. वाचनालय म्हणजे काय, देवळामागची एक खोली आणि चाळीस पुस्तकं. पण परवान्याशिवाय दहा माणसांनी एकत्र बसायचं नाही असा तो काळ, आणि पुस्तकाभोवती माणसं बसतातच. तुम्ही म्हणालात, "एवढंच ना? परवाना आणतो." फौजेतल्या शिस्तीनं अर्ज लिहिला, कोटाची बटणं घासली आणि तहसिलीत जाऊन बाकावर बसलात. तीन दिवस बसलात. तिसऱ्या दिवशी कारकुनानं विचारलं, "खेड्यातल्या लोकांना पुस्तकं काहून पाहिजेत?"

परत येऊन तुम्ही माझ्याच घरी, माझ्याच दौतीतल्या शाईनं राजीनामा लिहिलात. इंग्रजीत. तुमच्या आयुष्यातला तेवढा एकच महत्त्वाचा कागद, ज्याला माझा हात लागला नाही. आमची मंडळी चहा घेऊन आली तर तुम्ही तिला म्हणालात, "वैनी, आज नोकरी सोडली. साखर जरा जास्त टाका."

राजकारणात तुम्ही आलात ते मात्र बैलांच्या मागून. ही गोष्ट मी हजारदा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी तुमची टिंगल करत सांगितली. सभेला परवाना लागतो, भाषणाला लागतो, देवळात कीर्तन ठेवायचं तरी विचारावं लागतं. तुम्ही दोन दिवस विचार करून माझ्याकडे आलात. "मास्तर, पोळ्याला झडती म्हनायला परवाना लागतो का?"

मला हसू आलं. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, रंगवलेल्या शिंगांच्या, झुली घातलेल्या जोड्या त्याखाली उभ्या करायच्या, आणि तोरण तुटेपर्यंत लोकांनी एकेकानं पुढे येऊन झडती म्हणायची. टिंगलीचं कवन. पाटलाला टोचा, सावकाराला टोचा, शेजाऱ्याच्या बायकोच्या हातच्या पुरणाला टोचा, त्या दिवशी सगळं माफ. ज्याला टोचलं त्यानं हसायचं आणि म्हणणाऱ्याला विडा द्यायचा. रागावला तो गावातून उठला. आणि झडती कोणी रचली हे कोणी विचारत नाही, विचारलं तर कोणी सांगत नाही. त्याला परवाना मागायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी लिहून दिली. अजून पाठ आहे:

देवळामागं खोलीला टाळं,
चाळीस पुस्तकांवर धरलं जाळं.
बैलाला मुसकं बांधतो धनी,
माणसाला बांधलं, सांगा कोनी?

तुम्ही ती कवायतीच्या आवाजात म्हणालात. "सांगा कोनी" ला आवाज असा काही चढला की पाटलाची मानाची जोडी बिथरली आणि तोरणाचा अर्धा भाग घेऊन पळाली. पोळा वेळेआधीच फुटला. लोक हसत होते, बैल धरायला धावत होते, आणि धावता धावता तेच म्हणत होते, माणसाला बांधलं सांगा कोनी. आठवड्यात ते हिंगोलीच्या बाजारात ऐकू आलं. महिनाभरात पलीकडे वऱ्हाडात गेलं. आणि मग अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, तुम्हाला न्यायला आला.

तुम्हाला त्यानं विचारलं, कवन कोणी लिहिलं? तुम्ही म्हणालात, मी. त्याला तुमची मराठी माहीत होती. तो हसून म्हणाला, "कप्तानसाब, आप तो मराठी में चिठ्ठी भी मास्टर से लिखवाते हैं." तुम्ही पुन्हा म्हणालात, मी. मी शाळेच्या दारात उभा होतो. पन्नास पावलांवर. खडू हातात होता. सहा महिने तुम्ही तुरुंगात काढलेत आणि मी त्या सहा महिन्यांत मुलांना पाढे शिकवले. सुटून आल्यावर मी पाया पडायला आलो तर तुम्ही मला वर उचललंत आणि म्हणालात, "मास्तर आत गेला तर पुढचं कोन लिवून देईल?" लोकांना तो विनोद वाटला. माझी मान खाली गेली ती त्या दिवशी वर आली नाही.

खरं सांगू का, कृतज्ञता फार दिवस टिकत नाही. उपकाराचं ओझं झालं की माणूस उपकार करणाऱ्याच्या खोड्या शोधायला लागतो. मी शोधायला लागलो. तुम्ही चळवळीच्या लोकांत गेलात, जिल्ह्याच्या सभांत दिसायला लागलात, नागपूरला गेलात, पुढे दिल्लीला. भाषणं मी लिहायचो. तुम्ही पाठ करायचात, चुकवायचात, आणि चुकवलेल्या जागीच लोक टाळ्या द्यायचे. आपला वाद आठवतो का? मी म्हणायचो, "शिपायानं राजकारणात पडू नये, साहेब. शिपायाला हुकूम कळतो, लोक कळत नाहीत." तुम्ही म्हणायचात, "लोक कळत न्हाईत म्हनून तर तुमी हाव ना." त्यावर मी तुमच्या वाक्यातली चूक काढायचो. तो वाद तसाच राहिला. आज वाटतं, लोक तुम्हालाच कळत होते. मला फक्त शब्द कळत होते.

आता सलामाची गोष्ट. तुम्ही पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडातल्या चळवळीच्या तळावर जाण्याच्या आधीची. आपण दोघं वेशीत उभे होतो, तुमच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी. तहसीलदाराची मोटार धुरळा उडवत आली. आणि तुमच्या टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला, खट्कन सलाम. चावडीवरच्या लोकांनी पाहिलं आणि ते खो खो हसले. पण मी जवळ होतो. मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी तुमच्या घोडदळातले जुने दफेदार हुसेनखाँ बसले होते, म्हातारे, हिंगोलीच्या दवाखान्यातून कोणाच्या तरी मेहेरबानीनं घरी निघालेले. तुम्ही सलाम केला तो त्यांना. मोटार गेल्यावर तुमचे डोळे भरले होते. "छावनीत गेलो तवा मी घोड्याला भ्यायचो, मास्तर," तुम्ही म्हणालात. "ह्या मानसानं मला पाठीवर थाप मारून बसवलं. बापानं न्हाई शिकवलं तेवढं शिकवलं." हे मला ठाऊक होतं. गावात दुसऱ्या कोणाला नव्हतं.

यंदाच्या पोळ्याला तुम्ही पैनगंगेपलीकडच्या तळावर होता. गावात पोळा भरेल की नाही अशीच शंका. सरकारच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, आज हे गाव, उद्या ते गाव. पण बैलांचा सण कोण टाळणार? त्याच आठवड्यात चोरवाटेनं तुमची चिठ्ठी आली. दिल्लीला जाऊन आला होतात. लिहिलं होतं, "मास्तर, दिल्लीत मोठ्या सभेत बोललो. तुमचा कागद न्हवता. मनानं बोललो. लोक उठून उभे राहिले. तुमाला आनंद होईल म्हनून लिवतो."

मला आनंद झाला नाही, कप्तानसाहेब. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तोंड कडू झालं. माझ्याशिवाय तुम्ही बोललात. माझ्याशिवाय लोक उभे राहिले. पाटीवर "प्रिय आईस" मी गिरवून घेतलं आणि दिल्ली तुम्ही पाहिली. त्याच दुपारी सटवाजी आला. गावात त्याच्यासारखा आवाज नाही, दरसाल झडत्या तोच म्हणतो, आणि लिहून मीच देतो हे आम्हा दोघांतच. "मास्तर, यंदा कोनावर?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, बस. अर्ध्या घटकेत लिहून दिली:

टोपी पांढरी, मिशी ताठ,
कप्तानानं धरली दिल्लीची वाट.
वेशीत आली सरकारी मोटार,
हात गेला कपाळावर.
खादीच्या आत बिल्ला दडे,
बोला रे गड्यांनो, कप्तान कुनाकडे?

सटवाजी हसून हसून लोळला. मीही हसलो. मनात म्हटलं, पोळ्याची गंमत, तोरण तुटलं की विसरतील. आपल्याकडे विसरतातच. पण लिहिताना मला ठाऊक होतं की सलाम मोटारीला नव्हता. ते ठाऊक असूनच मी लिहिलं. गमतीत खोटं असतं, पण हे खोटं मी मुद्दाम टोक काढून घातलं होतं.

पोळ्यानंतर पंधरा दिवसांत दिल्लीच्या फौजा आल्या आणि जुना अंमल गेला. तुम्ही तिरंगा घेऊन गावात शिरलात तेव्हा मी तुमच्या गळ्यात पडून रडलो, आणि ते रडणं खरं होतं. एकाच माणसाबद्दल प्रेम आणि जळफळाट दोन्ही असतात, त्याला मी काय करू. झेंड्याखाली तुम्ही चारच वाक्यं बोललात. त्यातलं एक असं, "आता कोनी कोनाच्या दारात काठी घेऊन जायचं न्हाई." कारण आता उलटं सुरू झालं होतं. ज्यांनी काही केलं होतं ते कधीच पळाले होते आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या दारावर लोक सूड घ्यायला निघाले होते. दफेदार हुसेनखाँ त्या दिवसांत कुठे होते हे गावाला कळलं नाही. तुमच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत होते. वहिनी त्यांना भाकरी द्यायच्या. मला माहीत होतं, कारण तुम्ही मला सांगितलं होतं. तुम्ही मला सगळंच सांगत होता.

दिवाळी उलटली आणि चळवळीच्या समितीची माणसं आली. आपल्या भागातून एक माणूस दिल्लीच्या प्रतिनिधी मंडळावर पाठवायचा होता, आणि सगळीकडे तुमचंच नाव होतं. परभणीचे वकीलसाहेब पुढारी. बाकीचे चौघेही बाहेरचेच. शाळेच्या पडवीत बैठक घातली, तुम्हाला गादीवर मधोमध बसवलं. बोलणं छान झालं. तुम्ही मध्येच उर्दू, मध्येच मराठी बोलत होता आणि वकीलसाहेब मान डोलवत होते. चहा आला. वकीलसाहेब खुशीत येऊन म्हणाले, "तुमच्याकडे झडत्या म्हणतात असं ऐकलंय. ऐकवा की एखादी."

पाटलांना भूषण वाटलं. पाहुण्यांपुढे गावाची चीज मांडायची तर सगळ्यात सरस तीच मांडायची. "सटवाजी, यंदाची म्हन," ते म्हणाले.

सटवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर त्यानं दुसरी म्हटली असती. माझी मान हलली नाही. तो उभा राहिला, कानावर हात ठेवला आणि बिचाऱ्यानं अगदी मन लावून म्हटली. सगळं गाव हसलं. सगळ्यात मोठ्यानं तुम्ही हसलात, रीतीप्रमाणे उठून त्याच्या हातात विडा दिलात, पाठीवर थाप मारलीत. आपल्यासाठी तिथे सगळं संपलं. पण समितीचे लोक हसत नव्हते. त्यांच्या गावी पोळा असेल, झडती नव्हती. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की सारं गाव या माणसाला तोंडावर जुन्या सरकारचा हस्तक म्हणतं आणि हा हसून म्हणणाऱ्याला विडा देतो.

"हे सलामाचं खरं आहे का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सलाम केला होता, व्हय," तुम्ही म्हणालात.

"तहसीलदाराला?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला नाव घेता येत नव्हतं. पडवीभर माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात अजून राग, आणि म्हातारा पंचवीस हातांवर, तुमच्या गोठ्यात कडब्यामागे. तुम्ही नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत लोक विचारत आले असते, की ते दफेदार आता कुठे आहेत? पण मला पुष्कळ काही बोलता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, की वकीलसाहेब, ही आमची एका दिवसाची टिंगल आहे, ती मी रचली आहे आणि ती खोटी आहे. कोणाचं नाव घ्यायचं काम नव्हतं. तीन वाक्यं. मला वाक्यं रचता येतात अशी माझी ख्याती आहे. मी चहाच्या कपातली साय बोटानं बाजूला करत बसलो.

"जुनी सवय, साहेब. हात गेला," तुम्ही म्हणालात.

निघताना वकीलसाहेबांनी मला कडुनिंबाखाली बाजूला घेतलं. "मास्तर, तुम्ही त्यांना जवळून ओळखता. तुमचं काय म्हणणं?" देवानं दुसऱ्यांदा दार उघडलं. मी म्हणालो, "मनानं चांगला माणूस आहे." ते थांबले. "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच." माणसाला बुडवायला याहून जास्त पाणी लागत नाही.

नाव गळाल्याची बातमी तुम्हीच मला सांगायला आलात. "मास्तर, दिल्ली हुकली." जणू गाडी हुकली. मी म्हणालो, राजकारण असंच असतं. तुम्ही म्हणालात, "मला त्याचं दुःख न्हाई. लोकायनं माझ्याबद्दल असं मनात धरलं असंल तर त्याचं हाय." लोकांनी काही धरलं नव्हतं, कप्तानसाहेब. एकट्यानं धरलं होतं आणि तो तुमच्यासमोर पानाला चुना लावत बसला होता.

चारच दिवसांनी तुम्ही दफेदारांना बैलगाडीत घालून हिंगोली स्टेशनावर नेलंत, त्यांच्या लेकीकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलंत. मार्गशीर्षातली पहाट. कांबळं एकच, ते म्हाताऱ्याच्या अंगावर. ते सुखरूप पोचले, म्हणून आज हे सगळं लिहिता येतं आहे. तुम्ही परत आलात ते छातीत कफ भरूनच. डॉक्टर झाला, वैदू झाला, आठ दिवस ताप उतरला नाही.

त्या आठही दिवसांत मी रोज येऊन बसलो. ज्वारी पोटऱ्यात आली, पाटलांची म्हैस व्याली, शाळेत आता मराठी पुस्तकं येणार म्हणतात, असं काहीबाही सांगत राहिलो. पाचव्या दिवशी ताप जरा हलका होता. वहिनी आत गेल्या तेव्हा तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "मास्तर, काई सांगायचं हाय का?"

मी म्हणालो, "औषध घेऊन घ्या."

तुम्हाला ठाऊक होतं का? माझी रचना तुमच्याइतकी कोणी तोंडपाठ केली आहे? कोणत्या जागी मी शब्द मोडतो, यमक कुठे टाकतो, तुम्ही इतकी वर्षं घोकत होता. पडवीत सटवाजीनं पहिली ओळ म्हटली तेव्हाच ओळखलंत का? की मित्राबद्दल तसलं काही मनात आणायचं नाही म्हणून ओळखलंच नाहीत? हे आता कोणाला विचारू.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचं बोलावणं आलं. ते हिंगोलीला उतरले होते, तिथे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, विडा दिला, आणि म्हणाले, "मास्तर, दिल्लीच्या मंडळावर तुमच्या भागातून आता तुम्ही जायचं." मला वाटलं, चेष्टा करतात. त्यांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. अक्षर तुमचं. नाव गळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. "मला न्हाई तर न्हाई. पन मास्तरला पाठवा. आजवर मी बोललो ते त्यायचंच व्हतं. अस्सल मानूस हाय. त्यायला कोनी विचारत न्हाई म्हनून मी सांगतो."

मी तिथेच सगळं सांगितलं. झडती कोणाची, सलाम कोणाला, कडुनिंबाखाली मी काय बोललो आणि काय गिळलं. वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, गेलेला माणूस परत येतो का? राजकारणात अशी वळणं येतातच. हे माझ्या पोटात राहील. तुम्ही तयारीला लागा." मला वाटलं होतं ते उठून माझ्या थोबाडीत मारतील. त्यांनी चहा मागवला.

मग तुमच्या घरी आलो. वहिनी सुपात डाळ पाखडत होत्या. त्यांनाही सांगितलं, जमिनीकडे बघत, एकही शब्द न चुकवता. सूप थांबलं. मग म्हणाल्या, "हे त्यायले सांगायचं व्हतं, मास्तर. मले काहून सांगून राहिले?" आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मी उठून आलो. त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला जड गेलं नसतं.

रागावण्याचा हक्क ज्याचा, तोच नाही. तुम्ही असतात तर कदाचित रागावलाही नसतात, आणि त्याचीच मला जास्त भीती होती, म्हणून तर आठ दिवस औषधाच्या गोष्टी केल्या.

घरी बसून मी समितीला पत्र लिहिलं. मंडळावर यायला नकार, आणि खाली झडतीची सगळी हकीकत, माझ्या सहीनं, भर बैठकीत वाचून दाखवावी अशी विनंती. कुठेही शब्द सजवला नाही. आज सकाळी ते घेऊन पुन्हा हिंगोलीला गेलो. वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. "हे वाचलं तर तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही," म्हणाले. "अजून वेळ आहे. फाडून टाका, मी काही पाहिलं नाही." त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं.

मी ते त्यांच्यापुढे पुन्हा धरलं. आणि कप्तानसाहेब, तुम्हाला आता तरी खोटं सांगत नाही. दिल्ली मला हवी होती. तुमच्यापेक्षा जास्त हवी होती. तुम्ही सुचवलेल्या दिल्लीला जायलाही मी तयार झालो असतो. वकीलसाहेबांनी पत्राचं दुसरं टोक धरलं आणि माझी बोटं सुटेनात. त्यांना ते ओढून घ्यावं लागलं.